पहिली कालवड शेजारणीची

बुधवार

अदिसअबाबाहून निघालेलं विमान किगालीवर उतरू लागलं, तेव्हा खाली कुठे सपाट जमीन दिसते का ते मी शोधत होतो. दिसली नाही. एक टेकडी संपते तिथे दुसरी सुरू होते आणि प्रत्येकीच्या उतारावर गोधडीच्या ठिगळांसारखी वावरं. तेहेतीस वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न कोणता येणार? या उतारावर गुरं चारायची कुठे?

उत्तर भाच्याने गाडीत दिलं. "मामा, इथे गुरं मोकळी चारायला बंदी आहे. गोठ्यातच बांधायची आणि वैरण आणून घालायची." भाचा इथे बांधकाम कंपनीत आहे, चौथं वर्ष. गुराढोरांशी त्याचा संबंध सकाळच्या चहातल्या दुधापुरता. पण मी येणार म्हणून त्याने बरंच विचारून ठेवलं होतं.

मी आलो त्याला कारण जुनं आहे. जुलै २०१८मध्ये पंतप्रधान मोदी रवांडात आले आणि त्यांनी रुवेरू नावाच्या गावात २०० गायी भेट दिल्या. गायी इथल्याच, इथेच विकत घेतलेल्या. आमच्याकडे तेव्हा त्यावर विनोद झाले, कौतुकही झालं. मला मात्र दोन्ही सुचलं नाही. नोकरीत मी स्वतः किती शेळ्या आणि किती गायी वाटल्या, त्याच्या याद्या अजून पाठ आहेत. हार घालून, फोटो काढून जनावर दिलं जायचं. आठ महिन्यांनी पाहणीला जावं तर दावं खुंट्याला आणि जनावर गायब. कधी ते मेलेलं असायचं, कधी औषधपाण्याच्या खर्चासाठी विकलेलं, कधी मुळातच व्यापाऱ्याचं आणि वाटपाच्या दिवसापुरतं आणलेलं. वरच्या कार्यालयाला आकडा हवा असायचा वाटपाचा. उरलेल्या जनावरांचा आकडा कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

त्यामुळे भाचा इथे आल्यावर मी त्याला फोनवर म्हटलं होतं, "त्या गायी आता कुठे आहेत बघ ना." निवृत्तीनंतर म्हटलं, आपणच बघू.

त्या गायी ज्या योजनेत दिल्या, ती इथल्या सरकारची, गरीब कुटुंबांना गाय देणारी. तिचं नाव 'गिरिंका'. इंका म्हणजे गाय. गिरिंका म्हणजे 'तुझ्याकडे गाय असो'. भेटल्यावर द्यायचा हा जुना आशीर्वाद आहे. दुसरं एक अभिवादन 'अमाश्यो', म्हणजे तुझ्याकडे गुरांचे कळप असोत. त्यावर उत्तर येतं 'अमाशोंगोरे', गायींचेच कळप असोत. म्हणजे बैल नकोत, गायी असू देत. उत्तर देणारा पक्का व्यवहारी दिसतो.

गुरुवार

दक्षिणेला न्यांझा, दोन तासांचा रस्ता. भाच्याला रजा नव्हती, म्हणून त्याच्या ओळखीचा एक तरुण दुभाष्या आणि चालक म्हणून आला. पदवी शेतीची, उच्चार फ्रेंच, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. गाडी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे प्रत्येक वळणावर माझा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता.

न्यांझाला जुन्या राजांचा वाडा आहे. गवताने शाकारलेली घुमटासारखी प्रचंड झोपडी, जुन्या पद्धतीने पुन्हा उभी केलेली. तिच्या मागे दोन लहान झोपड्या, एक मद्याची आणि एक दुधाची. दुधाची झोपडी अविवाहित मुलीने सांभाळायची. आत लाकडात कोरलेली उंच, निमुळत्या झाकणांची भांडी मांडलेली. त्यांना इच्यान्सी म्हणतात. भोपळ्याचं घुसळायचं भांडं मात्र ओळखीचं वाटलं. रवी नसते, भांडंच हलवतात.

मग मागच्या अंगणात इन्याम्बो आल्या.

मी आयुष्यात हजारो गायी पाहिल्या, पण अशा शिंगांपुढे उभं राहून बोलणं बंद झालं. मुळाशी माझ्या दंडाएवढी जाड, वर वर जाताना वीणेसारखी वळलेली. अंकोले वंशातल्या या राजघराण्याच्या गायी. गळ्यात मण्यांच्या माळा, अंग गडद तांबडं. एक गुराखी त्यांच्या कानाशी हळू आवाजात काहीतरी म्हणत होता. मला वाटलं हाका मारतोय. दुभाष्या म्हणाला, तो तिचं काव्य म्हणतोय. प्रत्येक गायीचं स्तुतिकाव्य असतं. तिची चाल, तिचं कुळ, तिचा पराक्रम, सगळं त्यात असतं. गाय खरंच थांबून ऐकत होती. माझ्यातल्या डॉक्टराने तिचं पोट बघितलं. रवंथ चालू होता, म्हणजे बाईसाहेब खूश होत्या.

"दूध किती देते?" मी विचारलं. दुभाष्या हसला. दोन-तीन लिटर, तेही वासराला पाजून. दूध हा या गायीचा मुद्दाच नव्हे.

मग मुद्दा काय, ते शेजारच्या दुसऱ्या वाड्यात कळलं. तो १९३०च्या दशकातला, युरोपीय धाटणीचा, राजा मुतारा तिसरा रुदाहिग्वा याचा. इथे पूर्वी उबुहाके नावाची रीत होती. ज्याच्याकडे गुरं आहेत तो नसलेल्याला गाय द्यायचा. त्या बदल्यात घेणाऱ्याने त्याची शेतं करायची, घरं शाकारायची, त्याच्या मागे उभं राहायचं. दूध आणि शेणखत घेणाऱ्याचं, पण गाय कायम देणाऱ्याची. एका दाव्याला दोघं बांधलेले, एक जनावर आणि एक माणूस. वसाहतीच्या काळात हे बंधन आणखी आवळलं गेलं. रुदाहिग्वाने १९५४मध्ये ती रीत बंद केली.

वऱ्हांड्यात बसून मी हे वहीत उतरवत होतो, तेव्हा दुभाष्याने सहज सांगितलं की इथे लोक शपथ कशी घेतात. ज्याने गाय दिली त्याचं नाव घ्यायचं आणि पुढे 'याम्पाये इंका', त्याने मला गाय दिली. देवाची नाही, आईची नाही, गाय देणाऱ्याची शपथ. आमच्याकडे आईची शपथ चालते, ती मोडतेही. ही मोडत असेल का, असं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

गाय घेणं म्हणजे कुणाचं तरी होऊन जाणं, हे ज्या देशाच्या भाषेत इतकं मुरलंय, तिथे सरकारनेच गाय द्यायची ठरवली तर लोक कुणाचे होतील? हा प्रश्न घेऊन परतलो. रात्री भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मामा, जेवा आधी."

शुक्रवार

बुगेसेरा जिल्हा. किगालीतून बाहेर पडलं की न्याबारोंगो नदी लागते. दोन्ही काठांना पपायरसची दलदल आणि पाणी मातीने लाल. त्यानंतर टेकड्या बसक्या होतात आणि धूळ सुरू होते. जुलै म्हणजे लांब उन्हाळ्याचा मध्य. सप्टेंबरपर्यंत पाऊस नाही. बुगेसेरा हा कोरडाच भाग.

वाटेत न्यामाताचं चर्च. एप्रिल १९९४मध्ये, तुत्सींच्या वंशसंहारात, इथे आसऱ्याला आलेल्या हजारो माणसांना मारलं गेलं. पत्र्याच्या छपराला भोकं आहेत, त्यातून उन्हाचे कवडसे खाली पडतात, आणि खाली बाकांवर मेलेल्यांचे कपडे रचलेले आहेत. अर्धा तास आत होतो. त्याबद्दल मला आणखी काही लिहिता येत नाही. बाहेर आल्यावर दुभाष्या म्हणाला, "तेव्हा माणसांबरोबर गायीही मारल्या. मालकाच्या गायी म्हणून." गाय एवढी माणसाची ओळख असेल, तर तिलाही सोडायचं नाही.

२००६ साली गिरिंका सुरू झाली ती मुलांच्या कुपोषणावर उपाय म्हणून. एका गरीब कुटुंबाला एक गाय. उद्दिष्ट ३,५०,००० कुटुंबांचं होतं. पण अट अशी की पहिली कालवड झाली की ती वाढवून शेजारच्या दुसऱ्या गरीब घराला द्यायची. ती दिली की आपली गाय खऱ्या अर्थाने आपली. सरकारला काही परत करायचं नाही. जनावर वर जात नाही, आडवं सरकतं. शेजारच्या घरात.

ही कल्पना एकट्या रवांडाची नाही. स्पेनच्या यादवी युद्धात डॅन वेस्ट नावाचा अमेरिकी शेतकरी भुकेल्या मुलांना दुधाचं वाटप करत होता. दूध कमी, मुलं जास्त. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवावं लागत होतं. त्यातून त्याच्या डोक्यात आलं की कपभर दुधाऐवजी गायच द्यावी. १९४४मध्ये पहिल्या १७ कालवडी बोटीने पोर्टो रिकोला गेल्या. पहिली कालवड पुढे देण्याची अट तेव्हापासून आहे. पुढे ती संस्था हायफर इंटरनॅशनल म्हणून वाढली. रवांडातही तिचं काम आहे.

रुवेरूला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. बुरुंडीच्या सीमेवरच्या तळ्याजवळचं वसवलेलं गाव. एका ओळीत सारखी घरं. तळ्यातल्या बेटांवरून आणलेली कुटुंबं इथे राहतात. दोनशे गायींची मोजदाद करणं माझं काम नव्हतं, आणि एका दुपारी ती झालीही नसती. तीन गोठे बघितले. तिन्हींत गायी होत्या, एकीच्या पाठीची हाडं मोजता येत होती, दोघी ठीक. एका आजींनी आपल्या गायीकडे बोट दाखवून बरंच काही सांगितलं. दुभाष्याने चार शब्दांत आटोपलं. "म्हणतात, ही दुसरी पिढी." मी एवढ्यावर समाधान मानलं. खात्यात असतो तर मागचं रजिस्टर मागितलं असतं.

खरी गोष्ट परतताना घडली. रस्त्याला लागून एका वस्तीवर थांबलो, कारण मला गोठ्याच्या कडेला नेपियर गवत दिसलं. आमच्याकडे ज्याला हत्तीगवत म्हणतात तेच. मुळात ते आफ्रिकेचंच. आम्ही मोठ्या कौतुकाने ठोंबं लावली आणि मूळ मालकाची आठवण ठेवली नाही. एक पन्नाशीची बाई ते कापत होती. मी हात जोडून 'मुराहो' म्हटलं. गाय सुंदर होती, फ्रिजियन आणि देशी यांचा संकर, आठवा-नववा महिना चालू. कानाखालची गाठ चाचपली. इथे गोचिडांमुळे होणारा ईस्ट कोस्ट ताप गुरं घेऊन जातो, आणि त्याची पहिली खूण त्या गाठीची सूज. आमच्याकडच्या थायलेरियाचा हा सख्खा भाऊ, जास्त वाईट. गाठ ठीक होती. शेण ठीक. मी बाईला म्हटलं, "छान ठेवलीय गाय."

बाई हसली आणि म्हणाली, गाय माझी नाही.

गाय शेजारच्या म्हाताऱ्याची. त्याला तीन वर्षांपूर्वी मिळालेली. पहिल्या वेताला गोऱ्हा झाला. गोऱ्हा पुढे देता येत नाही, कालवडच द्यावी लागते. आता दुसरं वेत. वाडीच्या बैठकीत यादी ठरलेली आहे आणि म्हाताऱ्यानंतर या बाईचा नंबर. म्हणून ती रोज येते. आपल्या बांधावर लावलेलं नेपियर कापून आणते, पाणी आणते, गोचिडी वेचते. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत, त्याला खाली बसता येत नाही. दूध काढायला त्याची नात आहे, ते चालू असलं की बाईला एक तांब्या मिळतो. तीन वर्षं ती दुसऱ्याच्या गायीला वैरण घालते आहे, एका न जन्मलेल्या वासरासाठी.

मला खात्यातली पाहणी पथकं आठवली. जीप, डायरी, सह्या. त्या सगळ्याच्या जागी इथे ही एक बाई होती, विळा घेऊन. गाय विकली गेली, उपाशी राहिली, आजारी पडली, तर सगळ्यात आधी नुकसान हिचं.

तिने मला विचारलं, डॉक्टर आहात तर सांगा, कालवड होईल ना? तेहेतीस वर्षांत हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल. मी म्हटलं, अर्धी शक्यता. तिने मान हलवली. हे तिला पशुवैद्यानेही सांगितलं होतं. माझ्याकडून तिला काहीतरी जास्त हवं होतं.

गाडीत मी हिशेब मांडला. गाभण कालवड मिळाली. काही महिन्यांत व्यायली. कालवड झालीच, तर ती वाढवून द्यायची. मिळणाऱ्याच्या घरी ती माजावर येईल दीड वर्षाची झाली की, मग नऊ महिने नऊ दिवस. म्हणजे एका घरून दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या घरी जायला अडीच वर्षं, सगळं सुरळीत झालं तर. मध्ये गोऱ्हा आला की वर्ष-सव्वा वर्ष आणखी. वासरू दगावलं की पुन्हा तेवढंच. कागदावर ही साखळी भराभर दुप्पट होते, गोठ्यात ती बैलगाडीच्या वेगाने सरकते. दान देणाऱ्यांना आकडे वर्षाअखेर हवे असतात. गायीची मुदत वेगळी.

शनिवार

महिन्याचा शेवटचा शनिवार, म्हणजे उमुगांडा. सकाळी सगळा देश रस्त्यावर. दुकानं बंद, वाहनं जवळजवळ नाहीत, जो तो आपल्या वस्तीच्या सामुदायिक कामाला. आम्ही आदल्या रात्रीच एका डोंगराळ वस्तीजवळ मुक्कामाला गेलो होतो, कारण तिथे काम होतं गोठ्याचं.

गोठा असल्याशिवाय गाय मिळत नाही, हा नियम मला सगळ्यात आवडला. गोठा हवा, थोडी तरी जमीन हवी, वैरण आधी लावलेली हवी. आम्ही जनावर आधी द्यायचो आणि चारा देवावर सोडायचो. या नियमाची दुसरी बाजूही आहे, ती दुभाष्यानेच दाखवली. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडाही नाही, तो सगळ्यात गरीब, आणि तोच या दारातून आत येत नाही. त्यांच्यासाठी काही ठिकाणी शेळ्या-डुकरं देतात. पण गायीचा मान शेळीला नाही.

सत्तर-ऐंशी माणसं होती. निलगिरीचे वासे, वर पत्रा, खाली दगडांचा उतार. मीही दोन-चार दगड उचलले, तेवढ्यात एका आजोबांनी माझ्या हातातला दगड काढून घेतला आणि मला सावलीत बसवलं. वयाचा मान असावा, किंवा माझी दगड धरायची पद्धत. बसल्या बसल्या मी उतार पाहिला. मुताची नाली कुठे जाणार ते विचारलं. शेजारच्या खड्ड्यात, आणि खड्ड्यातलं शेणखत खालच्या पायऱ्यांच्या शेतात. एक बाई म्हणाली, दुधाचं बघू तेव्हा बघू, शेण पहिल्या दिवसापासून मिळतं. इतकं नेमकं मी खात्याच्या एकाही पुस्तिकेत वाचलं नव्हतं. धुपून गेलेल्या उतारावर शेणखताशिवाय बटाटा होत नाही, आणि बटाटा पोटाला आजच लागतो.

काम संपल्यावर सगळे तिथेच गवतावर बैठकीला बसले. वस्तीची नेहमीची भांडणं झाली, पाण्याची, वाटेची. मग कालवड आणली.

चौदा-पंधरा महिन्यांची, काळी-पांढरी, कान टवकारलेले. जिने वाढवली ती विधवा, दोन मुलांची आई. जिला मिळायची होती ती तिच्यापेक्षा तरुण, कडेवर मूल. भाषण कुणीतरी अधिकाऱ्याने केलं, ते लांबलं. मग देणारी उठली. तिच्या हातात नवं दावं होतं. तिने ते दुसरीच्या हातात दिलं, आणि दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, दोन्ही टोकं दोघींच्या मुठीत. मग देणारीने हात सोडला. टाळ्या झाल्या, कुणी गाऊ लागलं. घेणारीने तिला मिठी मारली.

या दोन घरांमध्ये १९९४मध्ये काय झालं होतं, हे दुभाष्याने मला नंतर विचारून सांगायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. अशा गायीने जुनी वैरं मिटतात असं सरकारी पत्रकांत लिहिलेलं असतं. असेलही. मी त्या दिवशी बघितलं ते एवढंच की देणारीचा चेहरा घेणारीपेक्षा जास्त उजळला होता. आमच्या वाटपात लाभार्थी नेहमी खाली मान घालून उभे असायचे, फोटोत तर हमखास. या बाईची मान वर होती. ती आज देणारी होती.

तेवढ्यात खालच्या गोठ्यातून हंबरडा आला. आई हाका मारत होती. कालवड वळली, दावं ताणलं गेलं. दोघी बायका हसल्या आणि दोघींनी मिळून ती ओढत नेली. देणारी संध्याकाळपर्यंत दोनदा नव्या गोठ्याकडे जाऊन आली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा मी तिला दुभाष्यामार्फत विचारलं, काय विसरलं? म्हणाली, तिला उजव्या बाजूने पाणी लागतं, हे सांगायचं राहिलं.

रविवार

किगाली. भाच्याने दूध-बारमध्ये नेलं. हो, असतात. भिंतीला गायींची चित्रं, आत लोक मोठ्या मगातून दूध पितात. ताजं गरम दूध इन्शुश्यू, विरजलेलं इकिवुगुतो. मी दुसरं घेतलं. ताकापेक्षा घट्ट, दह्यापेक्षा पातळ, आंबट बेताचं. सोबत चपाती. इथेही तिला चपातीच म्हणतात.

हे लोक गुरांचा विमा काढतात का, असं भाचा विचारत होता, कारण बांधकामवाल्याला आधी विमा सुचतो. २०१९पासून गुरांच्या विम्याची योजना आहे, हप्त्याचे ४० टक्के सरकार भरतं. पण त्या विळेवाल्या बाईचा विमा कोण काढणार? गाय तिची नाही.

संध्याकाळी विमान.

नंतर

घरी येऊन अकरा दिवस झाले तेव्हा भाच्याचा निरोप आला. दुभाष्याने विळेवाल्या बाईच्या वस्तीवर फोन केला होता. गाय व्यायली, दोघं सुखरूप. गोऱ्हा.

मी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग विचारलं, ती बाई?

उत्तर तासाभराने आलं. "मामा, ती सकाळी वैरण घेऊन आली होतीच. तिने तुमच्यासाठी प्रश्न पाठवलाय. विचारतेय, आता पुन्हा माजावर कधी येईल?"

मी लिहिलं, दीड-दोन महिन्यांनी. पहाटे आणि संध्याकाळी लक्ष ठेवायला सांग. हंबरली, खाणं कमी केलं, की त्याच दिवशी डॉक्टरला बोलवायचं. आणि कालवडीची कांडी, म्हणजे बहुधा कालवडच व्हावी अशी कृत्रिम रेतनाची कांडी, मिळते का तेही विचारायला सांग. ती महाग असते, पण विचारायला सांग.